बारी दिगंबररावांची होती

रविवारी सकाळी साडेनऊला मी बजाजनगरातल्या घराच्या ओट्यावर बसून स्कूटरचा प्लग साफ करत होतो. दहा-सव्वादहाला उस्मानपुऱ्यात दिगंबररावांकडं पोचायचं, हा कित्येक वर्षांचा नेम. फोन वाजला, तो सुमनवहिनींचा होता. वहिनी सहसा फोन करत नाहीत, म्हणून हाताचं ग्रीससुद्धा न पुसता उचलला. "नामदेवभाऊ," त्या म्हणाल्या, "आज येऊ नका म्हणून सांगायला फोन केला होता…" मग म्हणाल्या, "पण याच तुम्ही. पहाटे गेले हो ते. झोपेतच." मी प्लग परत बसवला, दोनदा आटा चुकला. तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाचा आटा चुकत नाही. त्या दिवशी चुकला.

पोचलो तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं रोजच्या दोन खुर्च्या तशाच होत्या. एक त्यांची, हाताची. एक माझी, प्लास्टिकची. मुलगी पुण्याहून निघाली होती, नातेवाईक जमत होते, मी नेहमीसारखा उगाच मधेमधे करत होतो, ताटी बांधणाऱ्याला सुतळी कशी ओढायची ते शिकवत होतो. माझा स्वभावच तसा आहे, काही विचारलं नसताना हात घालायचा. दुपारी सगळं आटोपून परत आलो तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं आणि लाल कापडी पाठीचं जाड हजेरी-मस्टर माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "त्यांच्या माणसांना कळवा. तुम्हालाच जमेल." त्या मस्टरात काय आहे ते मला माहीत होतं, आणि ते का तयार करावं लागलं ते तर मला एकट्यालाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. आज पाच आठवडे होऊन गेले, म्हणून लिहायला बसलोय. लेख लिहिणं माझं काम नव्हे, पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दिगंबर कुलकर्णी वाळूजच्या ज्या कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळायचे, तिथंच मी मेन्टेनन्सला होतो. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुणाची रजा, कुणाची पाळी, याचा सगळा हिशेब ठेवणारं ते खातं. गेटमधून आत शिरलं की पहिली खिडकी त्यांची. माणसांची नावं त्यांना ठाऊक होती, पण हाक मारायची ती टोकन नंबरानं. "सातशे बारा, आईचं डोळ्याचं कसं आहे?" नवीन माणसाला ते विचित्र वाटायचं, तुरुंगात आल्यासारखं. महिनाभरात त्याच्या लक्षात यायचं की अख्ख्या कारखान्यात आपल्या आईचा डोळा फक्त या एका माणसाच्या ध्यानात आहे. मी चारशे तीन. करमाडहून पहिल्यांदा आलो तेव्हा पायात शेतातल्या वहाणा होत्या. त्यांनी खिडकीतून वाकून माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, "चारशे तीन, शॉपमध्ये वहाणा चालत नाहीत. माझे जुने बूट आहेत, उद्या आणतो. नंबर किती?" मी म्हणालो, "चारशे तीन." ते म्हणाले, "पायाचा रे." पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा ते प्रत्येकाला सांगायचे आणि मी प्रत्येक वेळी चिडायचो.

त्यांचे खरे सोबती म्हणजे टूलरूमचे युसूफभाई. शेख युसूफ, टोकन तीनशे अठरा. बोलणं धड मराठी नाही, धड दखनी नाही, पण हात असा की लेथवर बसले की सुपरवायझर लांबून बघत उभे राहायचे. दोघांची जेवणाची एक रीत होती. एक दिवस दिगंबररावांचा डबा दोघांना, दुसऱ्या दिवशी युसूफभाईंचा डबा दोघांना. दिगंबरराव पक्के शाकाहारी, म्हणून युसूफभाईंच्या घरून त्यांच्या बारीच्या दिवशी खट्टी दाल, भात आणि बगारे बैंगन यायचे, ते सुद्धा वेगळ्या पातेल्यात केलेले. कुणाची बारी आहे यावर तडजोड नव्हती. एकदा युसूफभाईंच्या घरी कुणी आजारी होतं, डबा आला नाही. दिगंबररावांकडं त्या दिवशी घरून दिलेला लाडवाचा डबा होता. मी म्हटलं, खाऊन घ्या की दोघं. युसूफभाई म्हणाले, "नाय बाबा, आज बारी मेरी है." आणि दोघंही कॅन्टीनचा चहा पिऊन उपाशी बसले. मला तेव्हा वाटलं, ही काय येडी माणसं आहेत. पण त्या येडेपणात काहीतरी होतं, जे माझ्यासारख्या घाईच्या माणसाला कधी कळलं नाही.

कारखाना बंद झाला आणि माणसं पांगली. कुणी पुण्याला, कुणी गुजरातेत, कुणी आखातात, कुणी गावाकडं. टाइम ऑफिस प्रेस शॉपच्या भिंतीला लागून, दिवसभर पत्रा ठोकल्याचा धडधडाट, त्यामुळं तोवर दिगंबररावांचे कान जवळजवळ गेले होते. समोर बसून मोठ्यानं बोललं तरच कळायचं. फोनवर त्यांना काही ऐकू यायचं नाही, कानाचं मशीन लावलं की नुसतं शूं-शूं. मुलीनं त्यांना एक कॉम्प्युटर आणून दिला, ईमेल शिकवला, आणि या माणसाला नवीन नोकरी मिळाली. दर रविवारी दहाला बसायचं आणि आठवड्यात कुणाकुणाची पत्रं आली त्यांना उत्तरं द्यायची. सगळ्यांना एकच मजकूर पाठवणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणायचे, "नोटीस बोर्डावर लावायला मी काय पर्सोनेल मॅनेजर आहे?" कॉम्प्युटरातल्या पत्त्यांच्या यादीत माणसांची नावं नव्हतीच, टोकन नंबर होते. दोनशेच्या वर नंबर. मी शेजारी बसून चहा प्यायचो आणि प्रिंटरचं काही अडलं तर बघायचो. आणखी एक सवय होती त्यांची. आलेलं पत्र वाचलं की पुसून टाकायचं, उत्तर यादीतल्या नंबरावर पाठवायचं, आणि महिनाअखेरीला पाठवलेलीही पुसायची. टेबलावर कागद ठेवून घरी जाणारा माणूस त्यांना टाइम ऑफिसात कधी खपला नाही.

युसूफभाई आधी बिदरला लेकीकडं गेले, तिथून आणखी कुठं. त्यांची पत्रंही डब्यासारखीच चालली. एक पत्र यांचं, एक त्यांचं. बारी मोडून कुणी लिहायचं नाही. युसूफभाई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि मधेच दखनीत घसरायचे, दिगंबरराव मोठ्यानं वाचून हसायचे. महिन्याला एक फेरी व्हायची. तो रविवार आला की वहिनी आतूनच ओळखायच्या. "आज तीनशे अठरा दिसतोय," म्हणायच्या.

आता माझं सांगतो. दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचा कॉम्प्युटर जुना झाला होता, चालू केला की स्क्रीनवर खाली एक पट्टी यायची, ही आवृत्ती आता चालणार नाही, नवीन घ्या म्हणून. त्यांना त्याचं काही नव्हतं, पण मला ती पट्टी दर रविवारी दिसायची आणि हात शिवशिवायचे. मी म्हणालो, "साहेब, अपग्रेड करून टाकू." ते म्हणाले, "चाललंय ना? मग चालू दे." मी म्हणालो, "मशीन म्हटलं की सर्व्हिसिंग आलंच. तुम्ही टाइम ऑफिसवाले, तुम्हाला काय कळतंय त्यातलं." ते हसले आणि त्यांनी खुर्ची मागं घेतली. मला जागा करून दिली. हे मला फार आठवतं… त्यांनी खुर्ची मागं घेतली.

बसलो मी. मधेच इंग्रजीत एक चौकट आली, तीन-चार ओळींची, खाली दोन बटणं. वाचली नाही. मेन्टेनन्समधली आमची पद्धतच अशी, पुस्तक उघडायचं ते सगळं खोलून झाल्यावर. मी दाबत गेलो. अर्ध्या-पाऊण तासानं सगळं नवं झालं, रंगसुद्धा बदलले. मी ऐटीत म्हणालो, "घ्या, नवीकोरी." ते पुढं सरकले, चष्मा लावला, ईमेल उघडला, पत्त्यांच्या यादीवर क्लिक केलं. पांढरं पान. परत क्लिक केलं. परत पांढरं पान. त्यांनी माऊस सोडला आणि माझ्याकडं बघून अगदी हळू विचारलं, "नामदेवा, माणसं कुठं गेली?"

मी दुपारपर्यंत खटपट केली. दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, काका, जुन्यावर नवीन बसलंय, खालचं आता निघत नाही. जुनी पत्रं असली तर त्यातून पत्ते काढून देतो. पण पत्रं कुठली असायला, महिनाअखेर नुकतीच होऊन गेलेली, साहेबांचं टेबल रिकामं. साहेबांच्या घरी येऊन सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो, भांडण झालं असतं, मिटलं असतं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून हे मस्टर घेऊन आले. कंपनी बंद होताना रद्दीत निघालेलं, एकही पान न वापरलेलं. म्हणाले, "चल, परत भरती करू."

आणि ती भरती आम्ही खरंच केली. त्या माणसाला नंबर सगळे पाठ होते, पत्ते तेवढे नव्हते. त्यांनी एकेका ओळीत एकेक टोकन नंबर लिहून काढला, क्रमानं, पुढं नाव. मग रविवारी दहाला कॉम्प्युटर, अकराला माझी स्कूटर. बजाजनगर, पंढरपूर फाटा, रांजणगाव, कधी जालना रोडनं करमाडपर्यंत. कुणाचं घर सापडलं की कुणाच्या पोराकडून पत्ता, कुणाच्या भावाकडून. ज्याचा पत्ता मिळाला त्याच्या ओळीत पुढं चौकोन आखले होते. पत्र गेलं की निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण, पत्र आलं की गोल. काही जणांची पत्रं आपोआप आली, त्यांचे पत्ते तसेच मिळाले. पहिल्या सहा महिन्यांत निम्मं मस्टर भरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पाय सुजलेले, माझ्या खांद्याला धरून मागं बसायचा.

पहिल्याच घरी एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी. वेल्डिंगमधल्या एका जुन्या माणसाचं घर. त्यानं विचारलं, "साहेब, पत्ता परत कशाला? होता की तुमच्याकडं." दिगंबरराव म्हणाले, "माझ्या हातून पुसला गेला रे. वय झालं." मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, पुढच्या घरी सांगू. पुढच्या घरीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. लोक मायेनं म्हणायचे, "व्हतंय साहेब, वयापरमानं व्हतंय." एकानं तर माझ्याकडं वळून सांगितलं, "नामदेव, तू ध्यान देत जा बरं, साहेबांना आता समजत नाय मशीनमधलं." आणि मी मान हलवली. व्हय म्हणालो. शेवटी एकदा परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा मागं वळून, त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही खोटं का सांगता?" ते म्हणाले, "रेकॉर्ड टाइम ऑफिसचं. गेलं तर नाव टाइम ऑफिसचं. फिटरला कोण विचारतो?" सिग्नल सुटला. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. तेच आता सलतंय.

तीनशे अठराची ओळ मात्र कोरी राहिली. अपग्रेड झालं तेव्हा बारी दिगंबररावांची होती. युसूफभाईंचं पत्र येऊन, वाचून, पुसून झालं होतं, उत्तर द्यायचं होतं. यांच्याकडं पत्ता नाही. आणि त्यांच्याकडं यांचा पत्ता असूनही ते लिहिणार नाहीत, कारण बारी त्यांची नाही. कॅन्टीनचा चहा पिऊन उपाशी बसलेली तीच दोन माणसं. मी चिडायचो. "एवढे महिने झाले, त्यांनी एक ओळ टाकायला काय हरकत?" दिगंबरराव म्हणायचे, "तो टाकणार नाही. मीही टाकली नसती." युसूफभाईंच्या जुन्या मोहल्ल्यात आम्ही दोनदा गेलो. घर विकलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "उनो लोगां तो कब के गए बाबा. जवाई की बदली हुई बोले. कां गए मालूम नै." साहेबांना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली होती, ती परत ठेवली.

नंतर किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस सुरू झालं, स्कूटर बंद झाली, पण रविवारचे दहा चुकले नाहीत. ते सांगायचे आणि मी एका बोटानं टाइप करायचो. शेवटच्या रविवारी ते फारसं बोलले नाहीत. दोन पत्रं झाली, खुणा झाल्या, चहा झाला. मी निघताना म्हणाले, "युसूफ रागावला असेल." मी खाणाखुणांनी म्हणालो, कशाला रागावतील. तर म्हणाले, "तुला माहीत नाही. तो रागावला की जेवत नाही." आणि हसले. ते शेवटचं. मी जिना उतरून गेलो, खाली जाऊन स्कूटरला किक मारली, वर बघितलंसुद्धा नाही.

त्यांच्या माणसांना कळवा, असं वहिनी म्हणाल्या तेव्हा हे सगळं माझ्या पोटात होतं. तिसऱ्या दिवशी मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. हाताच्या खुर्चीवर बसायची हिंमत झाली नाही. मस्टर उघडून एकेक पत्ता घातला, एकेकाला वेगळं पत्र, कारण नोटीस बोर्ड त्यांना आवडत नसे. दोन दिवस लागले. शेवटी प्रत्येकाला एक ओळ घातली, युसूफभाईंचा ठावठिकाणा माहीत असेल तर कळवा. उत्तरं येऊ लागली. रडणारी, आठवणींची, बुटांची, रजेच्या अर्जांची. आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य होतं, साहेबांच्या हातून पत्ते गेले होते, पण ते एवढ्या वयात घरी येऊन घेऊन गेले. कौतुकानंच लिहिलेलं. मी ते प्रत्येक पत्र वहिनींना वाचून दाखवायचो आणि त्या वाक्यापाशी आलो की पटकन पुढच्या ओळीवर जायचो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पेंट शॉपमधल्या एकाचं दक्षिणेतून पत्र आलं. युसूफभाईंचा जावई त्याच्या ओळखीचा निघाला होता. खाली पत्ता दिला होता, ईमेलचा. मी वहिनींना हाक मारली. त्यांनी तो पत्ता पाहिला, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मस्टर मागून उघडा." मी मस्टर कधी मागून उघडलंच नव्हतं. शेवटच्या पानांवर त्यांच्या अक्षरात पत्र होतं. वर लिहिलं होतं, पत्ता मिळाला की टाइप करणे. वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या वेळी पुढं पुढं लिहीत गेलेलं. शेवटचं अक्षर पार थरथरलेलं.

मी टाइप करायला घेतलं. "प्रिय युसूफ, बारी माझी होती, उशीर झाला, माफ कर. कॉम्प्युटर नवा करताना माझ्या हातून सगळ्यांचे पत्ते पुसले गेले. चूक सर्वस्वी माझी…" इथं माझं बोट थांबलं. पुढं लिहिलं होतं, "नामदेव दर रविवारी येतो, मला गावभर फिरवतो. तो नसता तर माझ्याकडून हे झालं नसतं. तोंडाचा फटकळ आहे, पण त्याच्यासारखा माणूस नाही." त्यापुढं, सुमनला खट्टी दाल अजून जमत नाही, चिंच जास्त पडते. मग वहिनींना म्हणालो, "वहिनी, हे खोटं आहे. पत्ते यांनी नाही, मी घालवले. न वाचता बटण दाबलं. दोन वर्षं सगळीकडं हे स्वतःचं नाव सांगत राहिले आणि मी ऐकत उभा राहिलो."

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत आहे, भाऊ. त्या कॉम्प्युटरला हात लावणारे तुम्ही एकटेच." मग म्हणाल्या, "मी एकदा त्यांना म्हटलं होतं, नामदेवभाऊंना सांगू द्या की, तेवढंच त्यांना मोकळं वाटेल. तर म्हणाले, सांगेल तो. त्याला पुस्तक शेवटी उघडायची सवय आहे." मी विचारलं, "मग हे वाक्य काढू का पत्रातलं?" त्या म्हणाल्या, "त्यांचं पत्र आहे, जसं आहे तसं जाऊ द्या. खाली जागा आहे ना… तुमचं तुम्ही लिहा."

मी पत्र जसंच्या तसं टाइप केलं, चिंचेसकट. खाली ते गेल्याचं लिहिलं, कधी आणि कसं. आणि त्याखाली लिहिलं : "युसूफभाई, वर साहेबांनी चूक माझी म्हणून लिहिलंय ते खरं नाही. पत्ते मी घालवले, आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं तेव्हा मी गप्प राहिलो. ते तुम्हाला विसरले नव्हते. तुमच्या मोहल्ल्यात दोनदा आले होते. टोकन चारशे तीन, नामदेव." मग हीच कबुली मस्टरातल्या प्रत्येक पत्त्यावर पाठवली. प्रत्येकाला वेगळं पत्र. त्याला मात्र चार दिवस लागले. काहींनी उत्तर दिलं, काहींनी नाही. वेल्डिंगवाल्यानं लिहिलं, "नामदेव, आम्हाला शंका व्हतीच." बरं झालं, निदान एकानं तरी खडसावलं.

पत्र पाठवल्यापासून नवव्या दिवशी युसूफभाईंचं आलं. इंग्रजी अक्षरांत, तसंच तुटक. मी इथं मराठीत उतरवून देतो. "नामदेव, खत मिळालं. दोन वर्षं मी दिगंबरला दिल में गालियां दिल्या. म्हटलं मोठा आदमी झाला, भूल गया. आता कुणाला देऊ? तुला द्याव्या तर तू पहिलेच कबूल करून बसला. भाभींना सलाम सांग. दिगंबरच्या खताचं उत्तर लिहायचं आहे, बारी मेरी है. डोळ्याचं ऑपरेशन झालं, थोडा वक्त दे." मी ते वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या आत गेल्या, आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसताच नळ चालू राहिला.

रविवारी दहाला मी अजून जातो. वहिनी सवयीनं दोन कप ठेवतात, एक त्या स्वतः घेतात. मागच्या रविवारी त्यांनी मला हाताच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, कारण प्लास्टिकची तडकली आहे. बसलो. समोर मस्टर उघडं होतं. तीनशे अठराच्या ओळीत पत्ता मी लिहिलाय, माझ्या वाकड्या अक्षरात, आणि पुढच्या पहिल्या चौकोनात निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण केलीय. युसूफभाईंच्या त्या चार ओळींच्या पत्राचा गोल मी केलेला नाही. ते फक्त मिळाल्याचं कळवणं होतं, दिगंबररावांच्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे. मधे एकदा विचारावंसं वाटलं, युसूफभाई, कुठवर आलं? टाइप केलं आणि पुसून टाकलं. बारी त्यांची आहे. चौकोन मोकळा आहे आणि पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.